यंत्राची पारख आणि माणसाची सही

मार्च २०२२ मध्यें युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की सैनिकांस शस्त्रें खालीं ठेवण्यास सांगत आहेत, असें एक बनावट चलच्चित्र पसरविण्यांत आलें. अध्यक्षांनीं स्वतः बोलून तें खोटें ठरविलें. अशा असत्याचा कांटा कृत्रिम बुद्धिमत्तेच्याच कांट्यानें काढावा, असें मत हल्लीं मांडलें जातें. तें सर्वस्वीं चूक, असें आम्ही म्हणत नाहीं. लंडनची ‘फुल फॅक्ट’ ही संस्था तपासण्याजोगीं विधानें हुडकण्यास यंत्राची मदत घेते. निर्णय मात्र तेथील माणसेंच देतात. आमच्या मतें हीच मर्यादा योग्य होय. खऱ्यास खोटें म्हटल्याची लाज यंत्रास वाटत नाहीं. संपादकास वाटते, निदान वाटावयास हवी. वाचकांचा विश्वास बसतो तो त्या लाजेवर. म्हणून वृत्तपत्रांनीं यंत्र अवश्य वापरावें. परंतु निर्णयाखालीं सही माणसाची असावी, आणि चूक झाल्यास ती कबूल करण्याची तयारीहि त्याचीच असावी.