प्रबोधन आणि व्यापार : ‘प्रभाकर’च्या निमित्ताने

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रीय प्रबोधनाला ‘रेनेसान्स’चे प्रतिमान लावताना त्यामागची आर्थिक मीमांसाही बहुधा सोबत उचलली जाते. व्यापाराने फ्लॉरेन्स, व्हेनिस ही नगरे संपन्न झाली, १३९७ मध्ये स्थापन झालेल्या मेदिचींच्या पेढीसारख्या पेढ्यांचा नफा चित्रकारांकडे आणि हस्तलिखितांच्या अभ्यासकांकडे वळला, ही ती मीमांसा. इटलीपुरतीही ती निर्विवाद नाही. रॉबर्ट लोपेझ यांनी १९५० च्या दशकात नेमके उलट प्रतिपादन केले : व्यापार मंदावला, गुंतवणुकीला वाव उरला नाही, म्हणून पैसा कलेकडे वळला. तरी दोन्ही मांडण्यांत धन आधी व विद्या नंतर, हा क्रम कायम राहतो. मराठीत तो टिकत नाही.

पेणचे गोविंद विठ्ठल कुंटे ऊर्फ भाऊ महाजन यांचे उदाहरण या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. पेण हा मीठ-भाताचा मुलूख, धरमतरच्या खाडीने मुंबईच्या बाजारपेठेशी जोडलेला. भाऊ मुंबईस गेले ते मात्र इंग्रजी विद्येसाठी. १८४१ मध्ये त्यांनी ‘प्रभाकर’ साप्ताहिक काढले आणि १८४८ ते १८५० या काळात लोकहितवादींची ‘शतपत्रे’ त्यातच प्रसिद्ध झाली.

मुंबईत तेव्हा पैसा नव्हता असे नाही. जमशेटजी जीजीभाईंची संपत्ती चीनच्या अफू-कापसाच्या व्यापारातून आलेली होती. पण हे धन वळले ते इस्पितळांकडे आणि शाळांकडे. शिक्षणाच्या माध्यमाच्या वादात देशी भाषांची बाजू घेणारे जगन्नाथ शंकरशेट हा मोठा अपवाद. त्यांचेही बळ शिक्षणसंस्थांमागे उभे राहिले. कापसाची प्रचंड तेजी तर १८६१ नंतरची, म्हणजे ‘शतपत्रां’च्या दशकभर पुढची.

आश्रयदात्याऐवजी साप्ताहिकाचा वाचक समोर असल्याचा परिणाम रूपबंधावर दिसतो. लोकहितवादी पत्र लिहितात; त्यात स्तुती नाही, भांडण आहे. ‘शतपत्रां’तील पुनरुक्ती आणि रोखठोकपणा यांना कलात्मक उणीव ठरविणारी समीक्षा आश्रयाखाली घडलेल्या कलेचे निकष नकळत वापरते. आशयाकडे पाहिले तर उलटापालट अधिकच स्पष्ट होते. उद्योग-व्यापार तुच्छ लेखणाऱ्या ब्राह्मणांवर लोकहितवादी तुटून पडतात. १८४९ मध्ये ते ‘लक्ष्मीज्ञान’ हा अर्थशास्त्रावरील ग्रंथ सिद्ध करतात. येथे व्यापार हे प्रबोधनाचे कारण नसून त्याची मागणी आहे.

अर्थात हा वाचकवर्ग साक्षर उच्चवर्णीयांपुरताच होता. पेणच्या मिठागरांत राबणारा त्यात येत नाही. जोतीराव फुले यांच्यापाशी चित्र आणखी पालटते. ते स्वतः कंत्राटदार. व्यवसाय आणि प्रबोधन एकाच माणसात एकत्र आले, असे हे विरळ उदाहरण. आणि १८८३ मध्ये पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी विचारलेला प्रश्न संपत्ती विद्येला काय देते हा नाही; ती कोणाच्या शेतातून आली, हा आहे.