छडीचा खरा मालक

हॅरी पॉटरचं चौथं पुस्तक २००० साली आलं. त्याच्या शेवटाकडे हॅरी डम्बलडोरना सांगतो, की व्होल्डेमॉर्टनं माझं रक्त वापरून स्वतःचं शरीर परत मिळवलं. ते ऐकताना डम्बलडोरच्या डोळ्यांत क्षणभर विजयाची चमक दिसल्याचा त्याला भास होतो. बस, एवढंच. शत्रू बळावल्याची बातमी ऐकून गुरूचे डोळे का चमकावेत? या एका वाक्यावर वाचकांनी सात वर्षं खल केला. त्या रक्तातच व्होल्डेमॉर्टचा घात आहे, असा तर्क अनेकांनी बांधला आणि २००७ मधल्या सातव्या पुस्तकानं तो खरा ठरवला. आईच्या बलिदानानं भारलेलं रक्त शत्रूच्या अंगात वाहतंय, तोवर हॅरी जगण्याशी बांधलेला राहतो.

अशा वाचनामुळेच चाहत्यांच्या तर्काला, म्हणजे फॅन थिअरीला, मी समीक्षेचा एक प्रकार मानतो. तिच्यात शब्दाशब्दावर थांबण्याची सवय आहे आणि पुरावा पुस्तकातूनच काढायचा दंडक आहे. गॅम्पच्या नियमाचं उदाहरण घ्या. जादूनं वस्तू निर्माण करण्याच्या या नियमाला पाच अपवाद आहेत आणि अन्न हा त्यातला पहिला, असं हर्मायनी सातव्या पुस्तकात सांगते. उरलेले चार कुठेच येत नाहीत. वाचकांनी ते मागच्या पुस्तकांतून हुडकायला घेतले. लेप्रकॉनचं सोनं काही तासांत नाहीसं होतं, तेव्हा पैसा एक. मेलेल्याला कुठलाही मंत्र उठवत नाही, तेव्हा जीव दुसरा. प्रेमाची नुसती नक्कलसुद्धा करता येत नाही, असं स्लगहॉर्न वर्गात बजावतो, म्हणून प्रेम तिसरं. चौथ्यावर अजून एकमत नाही. पण ही यादी वाचली, की वीझली कुटुंबाची ओढाताण एकदम पटते. घरात सात जादूगार मुलं, तरी जुने झगे आणि वापरलेली पुस्तकं. जादूला जे जमत नाही, त्याचीच त्या घरात चणचण आहे.

सगळ्यात जास्त वाद झाला तो एल्डर छडीवर. ही छडी आधीच्या मालकाला हरवणाऱ्याची होते. सहाव्या पुस्तकात मनोऱ्यावर हॅरीचा शाळेतला वैरी ड्रॅको मॅलफॉय डम्बलडोरना निःशस्त्र करतो, त्यामुळे छडी त्याची होते, पण ते त्याला स्वतःलाही कळत नाही. पुढे मॅलफॉय यांच्या वाड्यात हॅरी ड्रॅकोच्या हातातली वेगळीच छडी हिसकावतो आणि दूर डम्बलडोरच्या थडग्यात पडलेली एल्डर छडी हॅरीची होऊन जाते. वाचकांनी लगेच हरकत घेतली. पाचव्या पुस्तकात तर मुलं सरावासाठी एकमेकांच्या छड्या उडवत होती, मग त्या सगळ्या छड्यांचे मालक बदलले का? सराव आणि खरी झुंज यांत छडी फरक करते, हे त्यावरचं नेहमीचं उत्तर. ते मला अपुरं वाटतं.

त्याहून मोलाची गोष्ट या वादातून हाती लागली. शेवटच्या लढाईत पात्रं स्वतःच थिअरी मांडतायत. व्होल्डेमॉर्ट समजतो, की मालकी खुनानं मिळते, आणि या चुकीच्या अर्थापायी डम्बलडोरना मारणाऱ्या स्नेपचा जीव जातो. हॅरी समजतो, की हिसकावणं पुरेसं आहे. सगळ्यांसमोर तो आपला युक्तिवाद मोठ्यानं मांडतो आणि त्यावर प्राण पणाला लावतो. हिरण्यकशिपूच्या वरातली फट ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हा पेच ओळखीचा आहे, फक्त तिथे फट देव शोधतो आणि इथे सतरा वर्षांचा मुलगा. एखाद्या माणसाला नियम कसा वाचता येतो यावरून तो माणूस कळतो. जी थिअरी हे दाखवते, ती मला थोर वाटते.

गेल्या काही वर्षांत मात्र चुका मोजण्याकडे आणि लेखिकेकडून निवाडा मागण्याकडे कल वाढलाय. याचा धोका चौथ्या पुस्तकातच दिसला होता. व्होल्डेमॉर्टच्या छडीतून त्याचे बळी उलट्या क्रमानं बाहेर येतात, म्हणजे हॅरीचे वडील जेम्स यांच्यानंतर मारली गेलेली त्याची आई लिली आधी यायला हवी. पहिल्या आवृत्तीत आधी जेम्स आला. त्यावर वाचकांनी किती कल्पक इमले रचले! पुढच्या आवृत्त्यांत क्रम दुरुस्त झाला आणि इमले कोसळले. २०१६ च्या हॅरी पॉटर नाटकानं तर जखमच केली. तिसऱ्या पुस्तकात काळ मागे नेऊनही घडलेलं बदलत नाही. मृत्युदंड झालेला हिप्पोग्रिफ बकबीक मुळात मेलाच नव्हता, आणि त्या प्रसंगाचं सगळं सौंदर्य यातच होतं. नाटकात भूतकाळ बदलतो, वर्तमान ढवळून निघतं. दोन्हींना एकाच नियमात बसवणाऱ्या थिअऱ्या मी वाचल्या आहेत. त्यांत श्रम आहेत, दृष्टी नाही.

ब्रँडन सँडरसनच्या ‘मिस्टबॉर्न’ या कादंबरीमालेत (२००६ पासून) प्रकार निराळा आहे. तिथे धातू गिळून शक्ती मिळते, एक धातू ओढणारा तर त्याचा जोडीदार ढकलणारा. धातूंच्या तक्त्यातली रिकामी घरं वाचक तर्कानं भरतात. नियम जितका वाचकाला कळलेला, तितकीच लेखकानं त्याच्या जोरावर संकटं सोडवावीत, हे सँडरसननं २००७ मध्ये मांडलेलं सूत्र प्रामाणिक आहे. पण तिथल्या बऱ्याच थिअऱ्या उत्तर निघालं की संपतात.

हॅरी पॉटरमध्ये अजूनही न संपलेला प्रश्न फिडेलियस मंत्राचा आहे; हा मंत्र घराचा ठावठिकाणा एकाच माणसाच्या, म्हणजे गुपितरक्षकाच्या, मनात लपवतो. सातव्या पुस्तकात बिल वीझली स्वतःच्याच घराचा गुपितरक्षक असतो. मग जेम्स आणि लिलीनं तसंच का केलं नाही? बहुतेक जण याला लेखिकेची चूक म्हणतात. एक वाचन वेगळं सांगतं, की नियम दोन्ही वेळा तोच होता, माणसं बदलली होती. डम्बलडोर स्वतः रक्षक व्हायला तयार असतानाही जेम्स मित्राचंच नाव पुढे करतो, कारण मित्रांवर अविश्वास दाखवणं त्याला बेइमानी वाटे. ल्युपिन हे सातव्या पुस्तकात हॅरीला स्पष्ट सांगतो. त्या मित्रानंच विश्वासघात केला, हे बिलच्या पिढीनं पाहिलंय, म्हणून ती गुपित घरातच ठेवते.