वाचकाचा प्रामाणिकपणा आणि विक्रेत्याचे बंधन : ई-पुस्तकांच्या मूल्यव्यवहाराचा एक विचार

छापील पुस्तकाच्या खरेदीत पैसे आणि प्रत यांची देवाणघेवाण एकाच वेळी होते. संगणकीय तंत्रज्ञानाने ही सांगड सैल केली. नवी प्रत काढण्याचा खर्च जवळजवळ उरला नाही आणि पैसे न देताही मजकूर हाती येऊ लागला. त्यामुळे ‘वाचक पैसे देईल काय?’ हाच प्रश्न प्रामुख्याने चर्चिला जातो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या दुर्लक्षित बाजूचा विचार केला आहे.

अमेरिकन कादंबरीकार स्टीफन किंग यांनी जुलै २००० मध्ये ‘द प्लांट’ ही कादंबरी स्वतःच्या संकेतस्थळावर क्रमशः प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. मध्ये प्रकाशक नव्हता. प्रत्येक भागासाठी एक डॉलर द्यावा आणि किमान ७५ टक्के वाचकांनी तो दिल्यास लेखन पुढे चालू राहील, अशी अट होती. पहिल्या भागाच्या वेळी ती पूर्ण झाली. पुढे चौथ्या भागाची किंमत दोन डॉलर झाली आणि पैसे देणाऱ्यांचे प्रमाण ४६ टक्क्यांच्या आसपास उतरले. डिसेंबर २००० मध्ये सहाव्या भागानंतर लेखन थांबले. कादंबरी आजही अपूर्ण आहे.

या प्रयोगाचे अपयश सामान्यतः वाचकांच्या अप्रामाणिकपणाच्या खाती मांडले जाते. हा निष्कर्ष एकांगी वाटतो. ज्यांनी प्रत्येक भागाचे पैसे भरले, त्यांनाही पूर्ण कादंबरी मिळाली नाही. अट सामूहिक होती. त्यामुळे फुकट्या वाचकांच्या वर्तनाची शिक्षा प्रामाणिक वाचकांनी भोगली.

याच्या उलट व्यवस्था ॲमेझॉनच्या किंडलची. येथे मूल्य आधी द्यावे लागते आणि मजकूर कुलूपबंद असतो. तरीही जुलै २००९ मध्ये जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘१९८४’ व ‘ॲनिमल फार्म’ यांच्या काही विकलेल्या प्रती कंपनीने वाचकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या. त्या विकणाऱ्याकडे प्रकाशनाचे हक्क नव्हते, हे त्याचे कारण. पैसे परत करण्यात आले. कंपनीने पुढे क्षमाही मागितली. मात्र एका विद्यार्थ्याची त्या पुस्तकावरील टिपणे निरुपयोगी झाली आणि त्याने न्यायालयात दाद मागितली. मूल्य परत मिळाले म्हणजे वाचन परत मिळत नाही, हे यातून स्पष्ट होते.

मराठी ग्रंथव्यवहाराला विश्वासावर आधारित मूल्य अपरिचित नाही. प्रकाशनपूर्व सवलतीत वाचक न पाहिलेल्या ग्रंथाचे पैसे आगाऊ भरतो. ही पद्धतही प्रकाशकाच्या पतीवर अवलंबून असते, ही तिची मर्यादा होय. परंतु ग्रंथ हाती आल्यावर तो वाचकाचा होतो. तो मित्राला देता येतो, वाचनालयाला भेट देता येतो, जुन्या पुस्तकांच्या दुकानात विकताही येतो. किंडलवर २०१६ पासून मराठी पुस्तके उपलब्ध झाली. तेथे मिळतो तो मुख्यतः वाचनाचा परवाना. छापील पुस्तकाबरोबर येणारे हे अधिकार त्यात आपोआप येत नाहीत.

सारांश, नव्या मूल्यव्यवहारात केवळ वाचकाच्या सचोटीची परीक्षा घेणे अपुरे आहे. क्रमशः विकलेली कृती पूर्ण करणे अथवा घेतलेले मूल्य परत करणे आणि विकलेले पुस्तक वाचकाच्या संमतीविना न काढणे, ही विक्रेत्याची किमान बंधने मानली पाहिजेत. ती नसतील, तर वाचकाकडून प्रामाणिकपणाची अपेक्षा करण्याचा नैतिक आधारच दुबळा होतो.