मुंबईचे रॅपगीत आणि चित्रपटाची प्रसिद्धी : संबोधनाचा प्रश्न

एखाद्या स्थानिक कलाप्रकारास देशव्यापी प्रसिद्धी लाभली म्हणजे त्याचे हित होते की अहित, हा वाद मराठीस अपरिचित नाही. लावणीसंबंधी तो झाला, लोकगीतासंबंधी झाला, आणि आता मुंबईच्या रॅपगीतासंबंधी होत आहे. ठेक्यावर, जवळजवळ बोलण्याच्याच लयीत, यमकांची दाट गुंफण करीत म्हणावयाचे हे गीत अमेरिकेतील कृष्णवर्णीय वस्त्यांत जन्मले. मुंबईच्या गल्ल्यांत ते इंटरनेटच्या द्वारे पोहोचले आणि २०१९ च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झालेल्या झोया अख्तर यांच्या ‘गली बॉय’ या हिंदी चित्रपटामुळे घरोघरी परिचित झाले. या घटनेवर दोन प्रकारची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो की, गल्लीतील मुलांना नाव मिळाले, पैसा मिळाला, आणखी काय हवे? दुसरा म्हणतो की, अस्सल होते ते विकले गेले. पहिला पक्ष केवळ माणसे मोजतो. दुसरा ज्या अस्सलपणाचा दाखला देतो तो या प्रकारात मुळातच उसना आहे. जे गीत न्यूयॉर्कहून आले त्याच्या शुद्ध कुळाचा अभिमान धरण्यात फारसा अर्थ नाही. गायक हा कोणाशी बोलत होता आणि प्रसिद्धीनंतर कोणाशी बोलू लागला, ही कसोटी लावली तर या प्रश्नाची चर्चा काही निश्चित पायावर होऊ शकेल.

आरंभीच्या रचनांकडे पाहिले म्हणजे एक विशेष चटकन नजरेत भरतो. अंधेरी पूर्वेकडील जे. बी. नगरात वाढलेला विव्हियन फर्नांडिस, म्हणजे ‘डिव्हाइन’, आपली ओळख ‘५९’ या आकड्याने सांगतो. कुर्ल्याचा नावेद शेख, म्हणजे ‘नेझी’, ‘७०’ हा आकडा मिरवितो. त्याच्यावरील माहितीपटाचे नावही ‘बॉम्बे ७०’ असेच आहे. हे आकडे टपालाच्या पिनकोडातील शेवटचे दोन अंक होत. पत्रावर लिहावयाचा आकडा कवितेत आला आणि कुळाचे नाव असावे तसा उच्चारला गेला. परंतु महत्त्वाची गोष्ट अशी की, हे आकडे तेथे समजावून दिलेले नाहीत. ज्याला सत्तर म्हणजे काय हे ठाऊक नाही त्याच्याशी हे गीत बोलतच नाही. श्रोता हा शेजारी आहे, प्रतिस्पर्धी आहे, पलीकडच्या गल्लीतील मित्र आहे, असे ते गृहीत धरते. २०१३ च्या ‘ये मेरा बॉम्बे’ मध्ये आणि २०१४ च्या ‘आफत’ मध्ये शहराविषयी जी माहिती मिळते ती ओघात मिळते; माहिती देणे हा हेतू तेथे नाही. ‘आफत’ची चित्रफीत नेझीने आयपॅडवर तयार केली, ही हकीकत पुष्कळ ठिकाणी कौतुकाने सांगितली जाते. साधनांच्या तुटपुंजेपणापेक्षा तिच्यातून दुसरेच काही सूचित होते. करणारा, म्हणणारा आणि पहिला ऐकणारा हे तिघेही एकाच वस्तीत होते. मध्ये कोणी निर्माता नव्हता, म्हणून कोणासाठी खुलासाही करावा लागला नाही.

भाषेचेही तसेच आहे. या गीतांची भाषा हिंदी म्हणून नोंदविली जाते, पण ती व्याकरणाच्या पुस्तकातील हिंदी नव्हे. दखनी उर्दूचे वळण, कोकणी ख्रिस्ती वस्त्यांतील इंग्रजी, आणि ‘राडा’, ‘वाट’ यांसारखे मराठी शब्द तिच्यात एकत्र नांदतात. मुंबईचा रहिवासी ती ऐकतो तेव्हा कोणता शब्द कोठून आला हे त्याच्या मनातही येत नाही. मराठीच्या अभ्यासकांनी ही बोली दीर्घकाळ ‘बंबैया’ म्हणून विनोदापुरती राखून ठेवली होती. तिच्यात गंभीर आत्मकथन होऊ शकते हे सिद्ध करण्याचे श्रेय या मुलांना द्यावयास हवे.

आता चित्रपटाकडे वळू. वस्तुतः व्यापारी प्रसिद्धी चित्रपटापूर्वीच सुरू झाली होती; डिव्हाइन आणि नेझी यांचे ‘मेरे गली में’ हे गीत २०१५ मध्ये सोनी म्युझिकसारख्या मोठ्या कंपनीनेच प्रकाशित केले होते. तरीही त्या गीतात दोघे आपापल्या गल्लीसंबंधी स्वतःच्या कंठाने बोलत होते. हेच गीत चित्रपटात आले तेव्हा नेझीच्या वाट्याचा भाग नायकाची भूमिका करणाऱ्या रणवीर सिंग यांच्या आवाजात ऐकू आला. चित्रपटाच्या दृष्टीने हे स्वाभाविक आहे, कारण पडद्यावरील माणूस व आवाज यांचा मेळ बसला पाहिजे, आणि नटाने केलेले परिश्रमही कमी नाहीत. परंतु रॅपगीताच्या दृष्टीने हा बदल साधा नाही. भावगीत एकाने लिहावे व दुसऱ्याने गावे यात आपल्याला काही वावगे वाटत नाही. रॅपगीतात मात्र ‘मी’ म्हणणारा आणि तो ‘मी’ जगणारा हे एकच असावेत हा अलिखित करार आहे. दुसऱ्याने लिहिलेले म्हणणे हा तेथे आरोप समजला जातो. चित्रपटाने हा करार मोडला आणि तो मोडल्याचे बहुसंख्य प्रेक्षकांना जाणवलेही नाही, यावरूनच नव्या श्रोत्याचे स्वरूप कळते.

दुसरा बदल स्थळाचा. प्रेरणा देणारे दोघे कुर्ल्याचे व अंधेरीचे. चित्रपटाचा नायक मुराद राहतो धारावीत. सत्तर आणि एकोणसाठ हे आकडे मागे पडले आणि जगाला अगोदरच ठाऊक असलेले नाव पुढे आले. बर्लिनच्या महोत्सवात बसलेल्या प्रेक्षकास कुर्ला समजावून सांगावा लागला असता. धारावी त्याला ऐकून ठाऊक होती. धारावीतही रॅप म्हणणारी मुले होती, तेव्हा यात असत्य काही नाही. पण जे काव्य स्थळाच्या सूक्ष्म निर्देशावर उभे होते त्याची प्रसिद्धी स्थळाच्या ठोकळ निर्देशाने व्हावी, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आश्चर्य हे की, चित्रपटास याची जाणीव आहे. त्यात एक प्रसंग असा आहे : परदेशी पर्यटकांचा एक घोळका वस्ती पाहावयास येतो, मुरादच्या घरात शिरतो, छायाचित्रे घेऊ लागतो. त्यांतील एकाच्या अंगातील सदऱ्यावर न्यूयॉर्कचा रॅपगायक नॅझ याचे नाव असते, आणि मुराद त्या गायकाचे बोल त्याला घडाघडा म्हणून दाखवितो. घर पाहावयास आलेल्या माणसापुढे घरातील मुलगा परदेशातील कविता म्हणतो. संपूर्ण चित्रपटात इतका बोलका प्रसंग दुसरा नाही. प्रेक्षकही त्या घोळक्यातच उभा आहे, असे तो प्रसंग न बोलता सांगून जातो. आणि मग चित्रपट पुढे जाऊन प्रेक्षकाला तेच घर सव्वादोन तासांहून अधिक काळ दाखवितो. पुढे हाच नॅझ चित्रपटाच्या निर्मात्यांच्या नामावलीत आला आणि त्याच्याशी संबंधित ‘मास अपील’ या संस्थेची भारतातील शाखा २०१९ मध्येच निघून डिव्हाइन तिच्याशी करारबद्ध झाला, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

हित झाले नाही असे कोणी म्हणू नये. त्याच वर्षी दूरचित्रवाणीवर ‘हसल’ ही रॅपगीतांची स्पर्धा सुरू झाली. डिव्हाइनची ‘गली गँग’ ही स्वतःची संस्था उभी राहिली. ज्या घरांतून ‘हे काय चाळे चालविले आहेस’ असे विचारले जाई त्या घरांना एक उत्तर मिळाले, आणि निम्नवर्गीय घरात अशा उत्तराचे मोल किती असते हे बाहेरून उमजणे कठीण आहे. चित्रपटास २०२० मध्ये तेरा फिल्मफेअर पारितोषिके मिळाली तेव्हा त्या प्रतिष्ठेचा काही अंश गल्लीपर्यंत पोहोचलाच. परंतु या लाभाचे मानकरी व्यक्ती होत्या. आणि व्यक्तींच्या बाबतीतही तो सारखा नव्हता : ज्याच्या जीवनावरून मुरादची कल्पना सुचली तो नेझी मधली काही वर्षे मागे पडला आणि २०२४ मध्ये पुन्हा सर्वतोमुखी झाला तो ‘बिग बॉस’च्या इंटरनेटवरील आवृत्तीतील उपविजेता म्हणून, गीतामुळे नव्हे.

रचनेत काय घडले? २०१९ नंतरच्या पुष्कळ गीतांत, विशेषतः नवोदितांच्या, गल्ली ही बोलण्याची जागा न राहता वर्णनाचा विषय झाली. गरिबी, नळावरची रांग, पोलीस, आईचे कष्ट आणि शेवटी ‘आपले दिवस येतील’ ही उमेद असा क्रम ठरून गेला. हे सारे खरे आहे, पण शेजाऱ्याला कोणी नळावरची रांग सांगत नाही. ती परक्याला सांगावयाची असते. संबोधन बदलले की तपशील बदलतो, आणि तपशील बदलला की कविता बदलते.

तमाशाचा अनुभव येथे आठवल्यावाचून राहत नाही. ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) आणि ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) या चित्रपटांनी लावणी अशा घरांत नेली की जेथील माणसे, विशेषतः स्त्रिया, तमाशाच्या तंबूत कधीही गेल्या नसत्या. हा लाभ थोडा नव्हे. पण फडावर लावणी गण, गवळण, वग यांच्या ओळीत बसत असे, आणि समोर बसलेल्या एका विशिष्ट माणसाकडे पाहून म्हटली जाई. दौलतजादा हे त्याच संवादाचे दुसरे टोक. चित्रपटात ती सुटी झाली, काही मिनिटांची झाली, आणि कॅमेऱ्याकडे पाहू लागली. पुढे चित्रपटातील लावण्याच फडांवर म्हटल्या जाऊ लागल्या. नक्कल मूळ स्थानी परत आली आणि मूळ समजली गेली. मुंबईच्या उपनगरांत आज एखादा मुलगा चित्रपटातील गल्लीचे वर्णन आपल्या गल्लीस लावतो तेव्हा हीच प्रक्रिया अधिक वेगाने घडत असते.

‘राष्ट्रीय’ या शब्दाचाही येथे थोडा विचार करावयास हवा. मुंबईच्या गल्लीस अनेक राष्ट्रीय व्यासपीठे असू शकतात. धारावीतील ‘डोपअॅडेलिक्स’ हा संघ २०१८ मध्ये पा. रंजित यांच्या ‘काला’ या तमिळ चित्रपटात आला. धारावीतील तमिळ घरांना ती प्रसिद्धी परकी नव्हती. हिंदी चित्रपटाने मात्र या बहुभाषिक वस्तीतून एक भाषा निवडली. ‘गली बॉय’च्या ध्वनिमुद्रिकेत ‘इंडिया ९१’ नावाचे एक गीत आहे. त्यात ‘स्वदेशी’ या संघातील व इतर तरुण निरनिराळ्या भाषांतून, मराठी व गुजराती धरून, म्हणतात. त्यांपैकी गुजरातीत म्हणणारा एम. सी. तोडफोड २०२२ मध्ये वयाच्या चोविसाव्या वर्षी निवर्तला. या चळवळीचे खरे भाषिक स्वरूप त्या एका गीतात आहे, आणि मुद्रिकेतील जी गीते लोकांच्या तोंडी बसली त्यांत त्याचा समावेश होत नाही.

मराठी रॅपगीताचा मार्ग याहून निराळा दिसतो. ‘स्वदेशी’ संघाचे ‘द वारली रिव्होल्ट’ हे गीत २०१९ चेच. आरेतील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आणि मावलीचे मराठी रॅप त्यात शेजारी शेजारी आहेत. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतील झाडे तोडली गेली. या गीतास हिंदी चित्रपटाची गरज लागली नाही, कारण त्याचा श्रोता ठरलेला होता. अमरावतीच्या ‘हंड्रेड आरबीएच’ने वऱ्हाडी वळणाची मराठी रॅपमध्ये आणली. २०२४ मध्ये क्रेटेक्स व श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’ नेदरलँडमधील स्पिनिन रेकॉर्ड्स या कंपनीने काढले आणि ते दिल्ली-मुंबईच्या मध्यस्थीवाचून दूरवर गेले. ते निखळ रॅप नव्हे, नृत्याचे गीत आहे. पण भाषेत तडजोड न करताही श्रोता मिळतो याचा तो पुरावा आहे. उलट बाजूही नमूद करणे न्याय्य ठरेल. पुण्याच्या ताडीवाला रस्त्यावरील एम. सी. स्टॅन २०२३ मध्ये ‘बिग बॉस’चा विजेता झाला आणि ‘शेमडी’ हा आपल्या वस्तीतील शब्द न बदलता, न समजावता त्याने हिंदी प्रेक्षकापुढे टाकला. अर्थ प्रेक्षकाने शोधून काढला. म्हणजे व्यासपीठ मोठे झाले की खुलासा करावाच लागतो असे नाही. करण्याचा मोह होतो एवढेच.

हा मोह टाळण्याचे बळ कोठून येते याचे उत्तर अमेरिकेतील ह्यूस्टन शहराच्या उदाहरणात मिळते. तेथे डी. जे. स्क्रू हा गीतांची गती मंद करून कॅसेटी तयार करी व त्या घरूनच विकत असे. १९९८ मध्ये त्याने दुकान काढले, २००० च्या नोव्हेंबरात तो वारला. त्या शहराकडे देशाचे लक्ष गेले ते २००५ मध्ये, माइक जोन्स, स्लिम थग, पॉल वॉल यांच्या द्वारे. कॅमिलियनेअरला २००७ मध्ये ग्रॅमी पारितोषिक मिळाले. नंतर मोठ्या कंपन्यांची नजर अन्यत्र वळली, आणि काही वर्षांनी न्यूयॉर्कच्या ए-सॅप रॉकीने तीच मंद शैली उचलून नाव मिळविले. तरी ह्यूस्टनचे काही बुडाले नाही, कारण कॅसेटी, दुकाने व गिऱ्हाईक ही लक्ष वेधले जाण्याच्या दशकभर आधीपासून तेथे होती. मुंबईत पहिल्या गीतांपासून चित्रपटापर्यंत पाच-सहा वर्षेच गेली. संस्था जमण्यापूर्वी प्रसिद्धी आली. म्हणून प्रसिद्धीचे फळ व्यक्तींना मिळाले आणि वस्तीजवळ साठले नाही.

ह्यूस्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयाने स्क्रूच्या संग्रहातील तबकड्या जतन केल्या आहेत. मुंबईच्या २०१३ ते २०१५ मधील गीतांचा असा कोणताही संग्रह मराठी अभ्यासकांनी केलेला नाही. ती गीते गायकांच्या स्वतःच्या यूट्यूब खात्यांवर किंवा कंपन्यांच्या ताब्यात आहेत. त्यांतील कोणते शब्द कुर्ल्याचे आणि कोणते अंधेरीचे हे सांगू शकणारी माणसे आज तिशी-पस्तिशीत आहेत आणि त्याच वस्त्यांतून भेटू शकतात.