ॲक्सेलला मोल फक्त एका गुणाचं

मिलान ऑलिम्पिकच्या फिगर स्केटिंगमध्ये अमेरिकेचा इल्या मालिनिन दोनदा पडला, चौपट ॲक्सेल ही उडी एकेरीच झाली आणि छोट्या कार्यक्रमानंतर पहिला असलेला हा मुलगा शेवटी आठवा आला. तेव्हापासून जाणकार मंडळींना जो हर्ष झाला आहे तो मला बघवत नाही. उड्यांच्या हव्यासापायी कला गमावली की असंच व्हायचं, हा त्यांचा सूर. अहो, पण सुवर्णपदक कोणाच्या गळ्यात पडलं? कझाकस्तानच्या मिखाइल शायदोरोवच्या. तिहेरी ॲक्सेलला चौपट साल्कॉव जोडणारा गडी तो! मालिनिनला हरवलं ते उड्या मारणाऱ्यानंच.

बाकी फिगर स्केटिंगमध्ये सध्या लिहिण्याजोगं फार थोडं आहे. 2024 मध्ये बॅकफ्लिपवरची बंदी उठली. पण फ्रान्सच्या सूर्या बोनालीनं 1998 साली नागानो ऑलिम्पिकमध्ये बंदी झुगारून ती मारली आणि एका पायावर उतरली, त्यापुढे कोणी गेलेलं नाही. आइस डान्समध्ये पोशाख सोडून काही बदलत नाही. अमेरिकेच्या जेसन ब्राउनच्या पात्याच्या कडांवरून जीव ओवाळून टाकावा, पण त्याच्या वाटेनं जाणारं कोणी दिसत नाही.

उरतो तो मालिनिन. 14 सप्टेंबर 2022 रोजी लेक प्लॅसिडला त्यानं चौपट ॲक्सेल उतरवला तेव्हा तो 17 वर्षांचा होता. त्याच वर्षी बीजिंग ऑलिम्पिकमध्ये जपानचा युझुरू हान्यू त्याच उडीत पडला होता. ही उडी जरा नीट पाहा. उलटा घसरत येणारा मालिनिन वळून डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर येतो, गुडघा खोल वाकतो, पातं बर्फ खरवडतं आणि उजवा पाय पुढून वर जातो. तोंड पुढे करून मारायची ही एकच उडी, म्हणून चार फेऱ्यांवर अर्धा जास्तीचा. हात छातीशी आवळलेले, आणि सेकंदही पुरा होत नाही तोच सगळं उलगडून तो उजव्या पायावर पाठमोरा उतरतो. जमलेल्या ॲक्सेलनंतरही त्याच्या अंगात वेग शिल्लक असतो, तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. इथे पात्याचे पुढचे दात बर्फात रोवून रेटा घेता येत नाही. सगळी भिस्त कडेवर. ज्या कडेच्या नावानं हे जाणकार कलेचे गोडवे गातात तिचीच ही परीक्षा आहे. मग ‘स्केटिंग’ एकीकडे आणि ‘उड्या’ दुसरीकडे अशी वाटणी केली कोणी?

ती केली नियम करणाऱ्यांनी. तिहेरी लुट्झ उडीला 5.90 गुण आणि तिहेरी ॲक्सेलला 8, म्हणजे अर्ध्या फेऱ्याचे 2.10. चौपट लुट्झला 11.50 आणि चौपट ॲक्सेलला 12.50, तोच अर्धा फेरा, कितीतरी अवघड ठिकाणी, फक्त एका गुणाचा! 2018 पर्यंत चौपट ॲक्सेलला 15 गुण होते. तो स्पर्धेत कोणाला जमायच्या आतच त्याचा भाव पाडून ठेवला. त्याच वर्षी पुरुषांच्या मोठ्या कार्यक्रमाचं अर्धं मिनिट कापलं. चार मिनिटांत सात उड्या, तीन गिरक्या आणि पदन्यास कोंबायला लावायचे आणि वर विचारायचं, संगीत कुठे गेलं? संगीताला लागणारा वेळ तुम्हीच काढून घेतलात.

रशियन प्रशिक्षक एतेरी तुतबेरिद्झेच्या शाळेतल्या मुलींचा दाखला इथे कोणी देऊ नये. तिथे पोरसवदा, हलक्या अंगाच्या जोरावर चौपट उड्या होत होत्या. किमान वयाची अट 17 वर नेली ते योग्यच झालं. मालिनिन 21 वर्षांचा आहे, अंग भरल्यावरही त्याच उड्या मारतो आहे.

तो पडला, आठवा ठरला. त्या निकालाबद्दल माझी तक्रार नाही. पण चौपट ॲक्सेलचे 15 गुण परत द्या, ते अर्धं मिनिट परत द्या, आणि मग त्याच्या स्केटिंगमध्ये कला आहे की नाही यावर माझ्याशी खुशाल भांडा.