काचपेटीतला समुद्र आणि गावातला हातपंप

विज्ञान प्रदर्शनात एक मॉडेल हमखास असते. आतून काळा रंग दिलेली पेटी, वर तिरकी काच, तळाशी मिठाचे पाणी आणि काचेवरून ओघळणारे थेंब गोळा करणारी पन्हळ. मागच्या तक्त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले असते : 'समुद्राचे पाणी अमाप, सूर्याचे ऊन फुकट, मग पाणीटंचाई कशाला?' यवतमाळ जिल्ह्यातल्या शाळाही हे मॉडेल हौसेने मांडतात. वास्तविक या जिल्ह्यापासून पूर्वेचा किंवा पश्चिमेचा, कोणताही समुद्रकिनारा शेकडो किलोमीटर दूर आहे. मॉडेलबद्दल आमची तक्रार नाही. आक्षेप आहे तो तक्त्यावरच्या वाक्याला. ते वाक्य कितपत खरे आहे हे आपण गणिताने तपासून पाहू.

एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे २३०० किलोज्यूल उष्णता लागते. हा बाष्पनाचा अप्रकट उष्मा. विजेच्या भाषेत सांगायचे तर हे सुमारे ०.६४ युनिट झाले. आपल्याकडे एक चौरस मीटर जागेवर दिवसभरात सरासरी ५ युनिटच्या आसपास सौरऊर्जा पडते. त्यातली सगळी कामी आली, तरी दिवसाला पावणेआठ लिटरच पाणी मिळेल. पण काच काही ऊन परतवते, पेटी तापून उष्णता बाहेर टाकते. प्रत्यक्षात हाती लागते ते तीन लिटरांच्या आसपास.

याला इतिहासाचा दाखला आहे. गुजरातेत भावनगरजवळच्या अवानिया गावी १९७८ साली अशा पेट्यांचा मोठा संच उभारला गेला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १८६६ चौरस मीटर आणि क्षमता रोज ५००० लिटर. भागाकार करून पाहा : चौरस मीटरला २.७ लिटर. त्याआधी, १८७२ साली, चिलीच्या वाळवंटात लास सालिनास येथे चार्ल्स विल्सन या अभियंत्याने असाच प्रकल्प बांधला होता. तो अनेक वर्षे चालला. गंमत अशी की तोही समुद्राच्या पाण्यासाठी नव्हता. सोराखाणीच्या भागातले खारट पाणी तो गोड करीत असे. म्हणजे आपली पेटी मुळात किनाऱ्यापासून दूरच्या खाऱ्या पाण्यासाठी नावारूपाला आली!

आज मोठ्या प्रमाणावर समुद्राचे पाणी गोड करायचे तर बहुतेक नवे प्रकल्प 'उलट परासरण' वापरतात. हेच आपल्या ओळखीचे 'आरओ'. यात पाण्याची वाफ करावी लागत नाही, तर ते दाबाने अर्धपार्य पटलातून पलीकडे ढकलले जाते. हजार लिटर पाण्याला साधारण ३ ते ४ युनिट वीज पुरते. वाफेच्या वाटेने गेलो तर तेवढ्याच पाण्याला सहाशेहून अधिक युनिट उष्णता लागते. म्हणून एक चौरस मीटरची पेटी तीन लिटर देते, तर तेवढ्याच आकाराचे सौर पटल वीज करून, आरओमार्फत, दीडशे लिटरांच्या घरात पाणी देऊ शकते. प्रदर्शनातले मॉडेल धडा म्हणून उत्तम, यंत्र म्हणून मात्र दुबळे, असे म्हणण्याचे कारण हे.

मग सौर आरओ हे उत्तर झाले का? मुंबई महापालिकेने मनोरी येथे रोज २० कोटी लिटर क्षमतेचा निःक्षारीकरण प्रकल्प आखला आणि २०२१ मध्ये त्याच्या अहवालासाठी करार केला. वरच्या हिशोबाने इतक्या पाण्याला रोज ६ ते ८ लाख युनिट वीज हवी. एक मेगावॉटचे सौर संच आपल्याकडे दिवसाला साधारण ४००० युनिट देतात आणि सुमारे दोन हेक्टर जागा व्यापतात. म्हणजे १५० ते २०० मेगावॉटचे संच आणि तीनशे ते चारशे हेक्टर जमीन. मुंबईत ती कोठून आणणार? वीज दुसरीकडे तयार करून तारेने आणता येईल, हे खरे. पण सूर्य मावळल्यावर एवढा महागडा कारखाना बंद ठेवणे परवडत नाही, म्हणजे रात्रीची वीज पुन्हा वेगळी. ऊन फुकट असते. ते गोळा करायची जागा, पटले आणि ती बदलण्याचा खर्च फुकट नसतो.

तक्त्यावर कधीच नसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे उरलेले मीठ. समुद्राच्या पाण्यातून साधारण चाळीस-पंचेचाळीस टक्केच गोड पाणी निघते. बाकीचे दुपटीच्या आसपास खारट होऊन परत समुद्रात जाते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार हे प्रकल्प रोज सुमारे ९.५ कोटी घनमीटर गोड पाणी देतात आणि १४ कोटी घनमीटरांहून अधिक खारवट पाणी मागे ठेवतात. ते नीट न मिसळता एकाच जागी सोडले, तर जड असल्याने तळाशी बसते आणि तिथल्या जिवांवर संकट येते.

आता यवतमाळला येऊ. इथली तक्रार समुद्राची नाही, हातपंपाची आहे. पांढरकवडा परिसराच्या भूजलातील फ्लोराइडवर 'करंट सायन्स' या नियतकालिकात २००७ साली शोधनिबंध आला होता. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसेल तर फार तर १.५, असे भारतीय मानक सांगते. त्याहून अधिक असलेले पाणी वर्षानुवर्षे प्यायल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात, पुढे हाडे आणि सांधे ताठरतात. कायमचे दात हिरड्यांखाली घडत असतानाच हे नुकसान होते आणि मागाहून शुद्ध पाणी दिले तरी भरून येत नाही. म्हणून पहिली-दुसरीतल्या मुलांसाठी 'पुढच्या वर्षी बघू' हे उत्तर चालत नाही. शिवाय पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटते, त्यामुळे त्याचे प्रमाण उलट वाढते.

काचपेटीतून फ्लोराइड मागे राहते. आरओही ते बरेच कमी करते. नागपूरच्या 'नीरी'ने तुरटी व चुन्याची नालगोंडा पद्धत दिली आणि पुढे सौर विजेवर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या वापरून फ्लोराइड काढणारी संयंत्रेही विकसित केली. पण प्रत्येक ठिकाणी प्रश्न तोच : काढलेले गेले कोठे? आरओचे टाकाऊ पाणी आणि तुरटीचा गाळ टाकायला यवतमाळात समुद्र नाही. ते गटारातून झिरपून त्याच भूजलात परतले, तर आपण फ्लोराइड एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवले, एवढेच.

आता शेवटचे गणित. एक चौरस मीटर काचपेटी रोज अडीच-तीन लिटर, म्हणजे वर्षाला नऊशे-हजार लिटर देते. यवतमाळात वर्षाला साधारण ९०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे एक चौरस मीटर छपरावर ९०० लिटर! सूर्यानेच समुद्रावरून उचललेले, क्षार तिकडेच ठेवून आलेले हे पाणी. जगातला सर्वांत मोठा सौर निःक्षारीकरण प्रकल्प दर जूनमध्ये आपल्या डोक्यावर चालू होतो, आणि त्याचे उरलेले मीठ आपल्याला कोठे टाकावे लागत नाही.

अर्थात याही उपायाला तोच काटा लावला पाहिजे. पिण्या-स्वयंपाकाला माणशी ८ लिटर धरले, तर पाच जणांच्या घराला वर्षाला १४,६०० लिटर लागतील. वीस टक्के पाणी वाया गेले असे मानले, तरी वीस चौरस मीटर टिनाचे छप्पर जवळपास पुरते. अडचण साठवणीची आहे. पाऊस चार महिन्यांत येतो, म्हणून आठ महिन्यांसाठी दहा हजार लिटरांची झाकणबंद टाकी हवी. पहिल्या सरींचे पाणी सोडून द्यावे लागते, साठवलेले निर्जंतुक करावे लागते, आणि दुष्काळी वर्षी हिशोब कोलमडतो. टाकीला पैसे पडतात. पण ती दुरुस्त करणारा गवंडी गावातच असतो. पटले बदलणारा तंत्रज्ञ तालुक्यातही भेटेल याची खात्री नाही.

म्हणून शिक्षक मित्रांना आमची सूचना अशी, की काचपेटी जरूर मांडा, पण तिच्यात मिठाबरोबर गावातल्या हातपंपाचेही पाणी घालून पाहा. दिवसाचे थेंब मोजा, क्षेत्रफळाने भागा आणि आकडा शाळेच्या छपरावरच्या पावसाशेजारी लिहा. तक्त्यावर घोषणेऐवजी तीन प्रश्न असू द्या : एका लिटरला जागा किती लागली? उरलेले मीठ कोठे गेले? बिघडले तर दुरुस्त कोण करणार? या तिन्हींची उत्तरे विद्यार्थ्याने स्वतः मोजून दिली, तर ते मॉडेल बक्षिसाला पात्र आहे, मग त्यातून दिवसाला पेलाभरच पाणी निघाले तरी चालेल.