बार आणि त्याचे माप

मराठीत 'बार' या शब्दाला दोन अर्थ आहेत. बंदुकीत भरतात तोही बार आणि उडतो तोही बार. 'फुसका बार' हा वाक्प्रचार आपण आज भाषणांपुरता वापरतो, पण मुळात तो भरणीवरचा शेरा आहे: दारू कमी पडली, ओली निघाली किंवा नीट ठासली गेली नाही. भाषेने जे जपले ते आपल्या इतिहासलेखनात मात्र सापडत नाही, ही माझी तक्रार आहे. कोठारातली दारू आपण मणांनी लिहितो आणि उडालेला बार विशेषणांनी. मधले, हातातले माप गळून जाते.

ठासणीच्या बंदुकीत आधी दारू, मग गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासत. रानात तराजू कोण नेणार? म्हणून दारू वजनाने नव्हे, आकाराने मोजली जाई. गोळी तळहातावर ठेवून ती झाकेल इतकी दारू ओतायची, हा पाश्चात्त्य शिकाऱ्यांचा जुना आडाखा. कोणी शिंगाचे टोक पोखरून माप करी, कोणी पुढच्या काळात रिकाम्या पितळी काडतुसाचे. ही मापे ओबडधोबड असतील, पण अडाणी नव्हेत. गोळी मोठी तर ती झाकायला दारूही जास्त लागते, एवढा हिशेब त्या तळहातात असतो. सोरा, कोळसा आणि गंधक यांची (साधारण ७५, १५, १० या प्रमाणातली) काळी दारू कोरडी आणि एकसारख्या दाण्याची असेल, तर त्याच मापात दरवेळी जवळपास तेवढीच येते. मात्र ते माप त्या दारूपुरतेच खरे. आजची धूररहित दारू त्याच मापाने भरली तर नळी फुटून भरणाराच जायचा.

रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' दारूखाना वस्तीपासून दूर ठेवायला आणि दारूला वेळोवेळी ऊन द्यायला सांगते. ती कारभाऱ्याची नजर आहे. शिपायाच्या तळहाताचा विचार तिथे नसला तर तो ग्रंथाचा दोष नव्हे. आपण मात्र ती एकच नजर साऱ्या इतिहासाची मानून बसलो.

१८५७ च्या काडतुसांबद्दल आपण चरबीपलीकडे फारसे लिहीत नाही. धर्माचा प्रश्न खराच होता. पण कागदी काडतूस म्हणजे आधीच मोजून बांधलेली दारू. ते कंपनीच्या फौजेत एन्फिल्ड रायफलीच्या पूर्वीपासून होते, म्हणजे माप शिपायाच्या हातून आधीच गेले होते. दुसऱ्याने मोजलेले दाताने फोडायचे, एवढेच त्याच्याकडे उरले. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे 'माझा प्रवास'मध्ये काडतुसांची हकिकत सांगतात, आणि झाशीच्या वेढ्यात दारूच्या कारखान्यावर पडलेल्या गोळ्याचीही. दारू करणारी माणसे एका भिक्षुकाला दिसली. पुढच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांना बहुधा घोडा आणि तलवारच दिसली.

आमच्या पळस्प्याजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांच्याबाबतही हेच. पुण्यात लष्करी हिशेबखात्यात कारकुनी केलेला हा माणूस १८७९ मध्ये बंड करतो, तेही १८७८ चा हत्यारांचा कायदा होऊन वर्षही उलटले नसताना. त्याची प्रतिज्ञा आणि दरोडे आपण तारखांसह सांगतो. पण सरकारी काडतुसाविना लढू पाहणाऱ्याला दारू मिळवणे, कोरडी ठेवणे आणि पुरवून वापरणे किती कठीण, हे विचारल्याशिवाय त्या धाडसाची किंमत कशी कळणार?

कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगणारे शेतकरी अजून आहेत. त्यांच्या घरची मापे आणि त्या मापांची नावे कोशकारांनी आणि इतिहासकारांनी आताच टिपून घ्यायला हवीत. बंदुका संग्रहालयात जातीलही. हाताचा अंदाज मात्र त्या माणसांबरोबरच जाईल.